शास्त्रज्ञ सदस्याची लाल चिठ्ठी

सुरेंद्र हिंगमिरे शास्त्रज्ञ झाले ते वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, एका मंगळवारी, चहा पिता पिता. त्याआधी चौतीस वर्षं ते भोसरीतल्या एका गिअरच्या कंपनीत क्वालिटीला होते. शेवटी शेवटी तर तपासणी विभागाचे प्रमुख होते, पण त्या काळात त्यांना कोणी शास्त्रज्ञ म्हटलं नव्हतं. प्रॉडक्शनवाले त्यांना काय म्हणायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही.

निवृत्तीनंतर त्यांचे फार हाल झाले होते. तपासायला काही उरलंच नव्हतं. जुन्या सांगवीतल्या घरी दुधाची पिशवी आली की ते ती वजनकाट्यावर ठेवत. भाजीत भेंडी आली की एकेक मोडून बघत. त्यांच्या पत्नी चारुलताबाई दापोडीच्या शाळेत दिवसभर गणित शिकवून थकून घरी येत आणि म्हणत, "अहो, भेंडी आहे ती. बेअरिंग नाही."

तर शास्त्रज्ञ होण्याची हकीकत अशी. मधली काही वर्षं असा कारभार चालला होता की, कारखान्यांसाठी एखादा माळ किंवा डोंगरउतार घ्यायचा झाला, तर तिथं कायद्यानं राखलेला दुर्मीळ प्राणी राहतो की नाही, हे जागा घेणाऱ्यानंच एका कागदावर लिहून द्यायचं. जागा घेणारा लिहायचा, 'राहत नाही.' प्राण्यांना लिहिता येत नसल्यामुळे दुसरी बाजू कधी पुढं यायची नाही. मग कोणीतरी कोर्टात गेलं. कोर्टानं खडसावून सांगितलं की पूर्वीची शास्त्रीय तपासणी मोडीत काढायचं काही कारण नव्हतं, ती पुन्हा सुरू करा. समिती नेमा. समितीत विज्ञान शाखेतला एक तज्ज्ञ सदस्य घ्या, त्याच्या सहीशिवाय फाइल हलवायची नाही. समितीकडं आवक झालेला प्रत्येक कागद दर महिन्याला आमच्यासमोर आला पाहिजे, असंही कोर्टानं वर लिहिलं.

हुकूम चांगला कडक होता. त्यामुळं तो पाळायची जबाबदारी गणराज येळवंडे यांच्यावर येऊन पडली.

गणराजशेठ चाकणच्या बाजूचे, मूळ गावकरी. आधी त्यांनी स्वतःची जमीन कंपन्यांना दिली, मग भावकीची द्यायला लावली, आणि आता ते दुसऱ्यांच्या जमिनींच्या फाइली तयार करून देत. उद्योजकांच्या संघटनेचे सचिवही तेच, त्यामुळं समितीच्या मीटिंगलाही तेच बसणार होते. समितीत शास्त्रज्ञ हवा म्हटल्यावर सरकारी ऑफिसातल्या साहेबांनी त्यांनाच विचारलं, कोणी बघा. गणराजशेठ दुसऱ्या दिवशी सांगवीला हजर.

"साहेब, तुमी बीएस्सी ना?"

"हो. फिजिक्स. बार्शीला केली. सेकंड क्लास आहे पण."

"फिजिक्स म्हंजी शास्त्रच ना? मग झालं तर! क्लास कोण इचारतंय. ऑर्डरमधी 'विज्ञान शाखा' येवढंच लिवलंय. कुठलं विज्ञान ते लिवायचं कोर्टाच्या ध्यानात न्हाई आलं."

"अहो, पण मला प्राण्यांतलं काही कळत नाही."

"म्हनूनच आलोय की तुमच्याकडं," गणराजशेठ मनापासून म्हणाले. मग कपबशी खाली ठेवून त्यांनी सहज आठवल्यासारखं केलं. "आपल्या ओजसचा गाळा चार नंबरच्या फायलीत हाय. ती बी ह्या ऑर्डरपायी अडकलीया. पोरगं ताटकळलंय वो."

इथं सुरेंद्ररावांचा चहा संपला आणि ते शास्त्रज्ञ झाले.

ओजस हा त्यांचा एकुलता मुलगा. डिप्लोमा करून आठ वर्षं तो तळवड्यात दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये दुसऱ्याचं मशीन चालवत होता. चाकणजवळच्या नव्या वसाहतीत स्वतःचा एक गाळा, त्यात स्वतःचं एक सीएनसी मशीन, एवढंच त्याचं स्वप्न होतं. मशीन कुठं, रॅक कुठं, तपासणीचं टेबल कुठं, हे सगळं त्यानं पेन्सिलनं मापात काढून तो कागद घरच्या फ्रिजला चिकटवला होता. चारुलताबाई दूध काढताना रोज त्या गाळ्याचं दार उघडत आणि लावत.

समितीचं ऑफिस निगडीला, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. सुरेंद्ररावांना गळ्यात अडकवायला 'शास्त्रज्ञ सदस्य' लिहिलेलं ओळखपत्र मिळालं, बसायला फिरती खुर्ची मिळाली. आवक-जावक बघणाऱ्या मिनल मॅडम एवढ्याच तिथं कायम दिसायच्या. बाकीचे सदस्य मीटिंगला येत, बिस्कीट खात आणि 'शास्त्रज्ञ साहेबांनी सही केलीय ना?' विचारून आपली सही करत. पाच महिन्यांत अकरा फाइली झाल्या. प्रत्येकीत जागेचे फोटो, नकाशा, आणि शेवटी एक वाक्य: 'सदर क्षेत्रात दुर्मीळ वन्यप्राणी आढळून आलेला नाही.'

पहिल्या मीटिंगला सुरेंद्ररावांनी विचारून बघितलं होतं. "जागा बघायला कधी जायचं?"

"जागा हितंच हाय की," म्हणत गणराजशेठनी फोटो पुढं सरकवले.

फॉर्मवर 'परीक्षणाची पद्धत' असा एक रकाना होता. चौतीस वर्षं ज्यांनी माल हातात घेतल्याशिवाय सही केली नाही, त्या सुरेंद्ररावांनी त्या रकान्यात अकरा वेळा 'कागदपत्रांवरून' असं लिहिलं. चौथ्या फाइलीवर लिहिताना त्यांनी पेनाचं टोपण दोनदा लावलं, दोनदा काढलं. मग सही केली. त्या संध्याकाळी ओजसनं घरी पेढे आणले, आणि सुरेंद्ररावांनी तो पेढा, कधी नव्हे ते, मोडून न बघता खाल्ला.

त्यांची कंपनीतली एक गोष्ट अजून भोसरीत सांगितली जाते. गिअरच्या मधल्या भोकाचं माप बघायला लोखंडाची एक गोल दांडी असते, तिला गेज म्हणतात. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. एवढाच तिचा धंदा. ही दांडी स्वतः बरोबर आहे का, हे दर चार महिन्यांनी तपासतात. एका वर्षी ती तपासली तर केसाच्या शंभराव्या हिश्शानं झिजलेली निघाली. सुरेंद्ररावांनी तिला लाल चिठ्ठी बांधली. लाल चिठ्ठी म्हणजे हा माल बाद, याला कोणी हात लावायचा नाही. पण ते तिथंच थांबले नाहीत. गेज खोटा निघाला, तर गेल्या चार महिन्यांत त्या गेजनं पास केलेला सगळा माल परत बोलवायचा, हा तपासणीतला नियम आहे. तो सगळ्या कंपन्यांच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेला असतो आणि कोणी पाळत नाही. सुरेंद्ररावांनी पाळला. निघालेला ट्रक त्यांनी दापोडीच्या पुलाच्या अलीकडं, स्कूटर आडवी घालून थांबवला. जनरल मॅनेजर तोंडाला येईल ते बोलला. सुरेंद्रराव म्हणाले, "साहेब, मला बोला, पण माल उतरवा." ओजस तेव्हा नववीत होता. त्यानं ही गोष्ट त्या वर्षी शाळेतल्या प्रत्येक पोराला सांगितली होती.

बारावी फाइल डिसेंबरात आली. चाकणच्या पुढं एका माळावर मोठी गोदामं व्हायची होती. सुरेंद्ररावांनी सवयीनं पेन काढलं, फोटो उलटले, आणि थांबले. फोटोत एक बाभूळ होती. तिच्या डाव्या फांदीला निळी प्लॅस्टिकची पिशवी अडकली होती, तिचा एक बंद तुटलेला.

ही पिशवी त्यांनी आधी पाहिली होती. हा माणूस चाळीस हजार गिअरमधून एक चरा शोधणारा. त्याला पिशवी विसरणं जमलं नसतं. त्यांनी मिनल मॅडमकडून चौथी फाइल मागवली, खिशातलं भिंग काढलं. तीच बाभूळ, तीच पिशवी, तोच तुटलेला बंद. दोन्ही जागांत चौदा किलोमीटरचं अंतर.

"काही चुकलंय का सर?" मिनल मॅडमनी विचारलं.

"नाही. बघतो जरा," सुरेंद्रराव म्हणाले. बाराव्या फाइलीचं ठीक होतं, तिच्यावर अजून सही व्हायची होती. चौथी होऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डबा घेतला, व्हर्नियर घेतला (मापाची ही पट्टी ते दसऱ्याला अजूनही देवासमोर ठेवून पूजत), आणि स्कूटर काढून भोसरी, मोशी, चाकण करत माळावर पोहोचले. पिवळं गवत, मधूनमधून काळे दगड, आणि लांबवर कंपन्यांच्या पत्र्यांची निळी रांग. बाभूळ काही दिसेना. अर्धा तास ते गोल गोल फिरले. शेरडं चारणारी एक म्हातारी बराच वेळ त्यांच्याकडं बघत होती. तिचं नाव गिरजाबाई, हे त्यांना नंतर कळलं.

"काय हरवलंय का तुमचं?"

"बाभळीचं झाड शोधतोय, आजी."

"ह्या माळाव बाभूळ? मी लगीन होऊन आले तवापास्नं न्हाई बघितली. बोरी हायेत दोन, नि खाली पळस हाय."

"फोटोत आहे हो."

"मग फोटूतच आसंल," गिरजाबाई म्हणाली आणि एका शेळीला दगड भिरकावला.

सुरेंद्ररावांनी फॉर्म काढला. शास्त्रीय परीक्षणाला आता सुरुवात करायला हरकत नव्हती. "आजी, इथं प्राणी कुठले आहेत?"

"ही काय, माजी शेरडं."

"ती सोडून."

"सशे हायेत. खोकड हाय. नि तरस हाय. यंदा पिल्लं घातल्यात तिनं त्या घळीत. या, दावते."

तरस हा कायद्याच्या पहिल्या यादीतला प्राणी, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसणारा, हे सुरेंद्ररावांनी आदल्या रात्रीच यादी पाठ करताना वाचलं होतं. त्यांची चाल मंदावली. "आजी, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"तरस मेलेलं खातंय. मी आजून जिती हाय."

घळीच्या तोंडाशी हाडं पडली होती, बैलाची, शेळीची, कोंबडीची. खडूसारखी पांढरी विष्ठा होती. ओल्या मातीत पावलं होती, पुढचं मोठं, मागचं लहान. सुरेंद्रराव गुडघ्यावर बसले आणि त्यांनी व्हर्नियर उघडला. गेल्या वर्षभरात त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

पुढचे तीन आठवडे ते पहाटे आणि संध्याकाळी माळावर जात राहिले. एकेका पावलाची तीस-तीस मापं घेतली, सरासरी काढली, आलेख काढला. तरशीण पाहिली, अंगावर पट्टे, पाठ मागं उतरती, आणि चेहऱ्यावर रात्रपाळी करून सुटलेल्या माणसाचा भाव. पिल्लं पाहिली. आपल्याला यातलं कळत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून त्यांनी शोधून शोधून रावेतला राहणाऱ्या निवेदिता नावाच्या बाईंना फोन केला. त्या बारा वर्षं तरसांवरच काम करत होत्या. सगळे तक्ते पाहून त्या म्हणाल्या, "सर, तरसच आहे. आणि इतकी नीट मापं माझे विद्यार्थीसुद्धा घेत नाहीत. तुम्ही कुठल्या संस्थेत?"

"मी गिअरमध्ये होतो," सुरेंद्रराव म्हणाले. "मॅडम, तुम्ही का नाही या समितीवर?"

"अर्ज केला होता की. एका जागेला तीन ऋतू लागतील, असं त्यात लिहिलं होतं. उत्तरच आलं नाही."

अहवाल चौदा पानांचा झाला. 'परीक्षणाची पद्धत' या रकान्यात सुरेंद्ररावांनी पहिल्यांदाच जागा कमी पडली म्हणून पुरवणी जोडली. मीटिंगमध्ये गणराजशेठ पानं उलटत गेले तसा त्यांचा चेहरा लांबत गेला.

"साहेब, येवढी मापं? तरसाला काय कपडे शिवायचे हायेत का?"

"पिल्लं आहेत तिथं. कायदा आहे."

"आवो, मोकळा प्राणी तो. ह्या माळावर गोदाम झालं तर पलीकडच्या डोंगराला जाईल."

"त्या डोंगराची फाइल नऊ नंबर," सुरेंद्रराव म्हणाले. "ती मीच पास केलीय."

"मग खालच्या ओढ्याला."

"सहा नंबर."

गणराजशेठनी अहवाल मिटला. बाकीच्या सदस्यांनी बिस्किटांकडं मोर्चा वळवला. सुरेंद्रराव मात्र मान खाली घालून बसले. आत्ता बोलता बोलता त्यांनाच ऐकू आलं होतं की चहूबाजूंनी त्या तरशिणीची वाट त्यांनी स्वतः, बसल्या जागेवरून, अकरा सह्यांनी बंद केली आहे. त्यांना लाज वाटली. इतकी की कंपनीत एकदा त्यांच्या हातून सदोष गिअरचा डबा पास झाला होता, तेव्हाही वाटली नव्हती.

निघताना जिन्यानं उतरून ते मागच्या पार्किंगमध्ये आले. गणराजशेठचं ऑफिस त्याच इमारतीत, तळमजल्याला. त्याच्या मागच्या भिंतीला लागून एक बाभूळ होती. डाव्या फांदीला निळी पिशवी, एक बंद तुटलेला.

आठ दिवसांनी घरी रजिस्टर पत्र आलं. समितीनं त्यांच्या अहवालावर फार खोलवर विचार केला होता. पत्रात लिहिलं होतं: 'सदर सदस्य हे भौतिकशास्त्राचे पदवीधर असून वन्यजीव या विषयाचे कोणतेही शास्त्रीय ज्ञान त्यांना नाही. सबब, परीक्षण करण्यास ते अपात्र असल्याने त्यांचा अहवाल ग्राह्य धरता येत नाही.'

ओजस सेकंड शिफ्टला निघायच्या तयारीत होता. त्यानं पत्र वाचलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. बापानं तरसासाठी चालवलेली धडपड त्यानं महिनाभर बघितली होती, आणि चार नंबरच्या पिशवीबद्दल त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं.

"बरं झालं बाबा. तुम्ही तुमचं काम केलंत, त्यांनी नाही म्हटलं. तुमच्यावर काही आलं नाही. विषय संपला."

"मजाच आहे," चारुलताबाई म्हणाल्या. "अकरा वेळा 'काही नाही' लिहिलं तेव्हा हे शास्त्रज्ञ होते. एकदा 'काहीतरी आहे' लिहिलं तर बीएस्सी फिजिक्स झाले."

सुरेंद्रराव पत्राकडं बघत होते. "त्यांचं बरोबर आहे, चारू. मी अपात्रच आहे. गणराजनं विचारलं तेव्हाच मी म्हटलं होतं, मला कळत नाही. आता त्यांनी सही-शिक्क्यानिशी लिहून दिलंय. गेज खोटा आहे."

ओजस बूट घालत होता. क्वालिटीवाल्याच्या घरात वाढलेला पोरगा, आठ वर्षं शॉपवर काढलेला. विचार करायच्या आधी त्याच्या तोंडून गेलं, "मग मागचा माल?"

ओजसचा हात बुटाच्या नाडीवर तसाच राहिला. आपण काय विचारलं ते त्याला हळूहळू कळत गेलं, आणि त्यानं फ्रिजवरच्या कागदाकडं बघितलं.

"चार नंबर," तो म्हणाला.

"त्या जागेचा फोटो निगडीच्या पार्किंगमधला आहे," सुरेंद्रराव म्हणाले. "तिथं काय आहे, काय नाही, कोणीच बघितलेलं नाही रे. मीही नाही. तुझा गाळा आहे म्हणून मी सही केली."

"तिथं काही नसेलही ना बाबा!"

"नसेलही. मग फेरतपासणीत पास होईल."

"वर्ष जाईल. दोन जातील. तोवर मी तळवड्यातच? तुम्हाला अकरा फाइली सापडल्या, पण मुलगा एकच आहे, हे मोजलंत का?"

दार आपटून तो निघून गेला. सुरेंद्रराव बराच वेळ खुर्चीतून उठले नाहीत. पोराचं काही चुकलं नव्हतं. ट्रक आडवणं सोपं होतं. त्या ट्रकमध्ये दुसऱ्याचा माल होता. चारुलताबाईंनी त्यांच्यापुढं कोरे कागद आणून ठेवले आणि भात लावायला गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुरेंद्रराव स्कूटर काढायला खाली आले, तर ओजस आपली बाइक चालू करून उभा होता.

"बसा," तो म्हणाला. "मला निगडीत काम आहे."

निगडीत त्याचं काही काम नव्हतं. पोहोचल्यावरही तो वर आला नाही. खाली चहाच्या टपरीवर थांबला.

वर गणराजशेठ मिनल मॅडमच्या टेबलाशीच बसले होते. सुरेंद्ररावांना बघून ते उठले आणि त्यांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "साहेब, मनाला लावून घेऊ नका. राजीनामा आणला आसंल तर थांबा म्हनतो मी. पुढच्या फायलींना तुमीच पायजे."

"राजीनामा नाही. तुमचं पत्र मान्य आहे, एवढंच लिहून आणलंय."

"मान्य हाय?" गणराजशेठचा जीव भांड्यात पडला. "बगा मॅडम, ह्याला म्हनत्यात मोठेपना! घ्या, आवक करा. मारा शिक्का."

मिनल मॅडमनी कागद घेतला. त्यांची सवय अशी की त्या शिक्का मारायच्या आधी कागद वाचत. सगळ्या ऑफिसात वाचणाऱ्या त्या एकट्याच. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग चष्म्यावरून एकदा सुरेंद्ररावांकडं बघितलं. मग रजिस्टर ओढलं, क्रमांक लिहिला आणि शिक्का असा मारला की टेबलावरचा पेनस्टँड हलला.

"दर महिन्याच्या गठ्ठ्यात कोर्टात जाणार हे," त्या म्हणाल्या. "आवक झालेला कागद आता मला परत देता येत नाही."

"परत कशाला पायजे?" म्हणत गणराजशेठनी कागद आपल्याकडं वळवला.

त्यात लिहिलं होतं की, शास्त्रज्ञ सदस्य अपात्र असल्याचं समितीनं स्वतः कळवलं आहे आणि सदस्याला ते पूर्णपणे मान्य आहे. सबब, या अपात्र सदस्यानं एकही जागा न बघता पास केलेल्या क्रमांक एक ते अकरा या सर्व फाइली मागे घ्याव्यात, आणि बारावीसकट सगळ्या योग्य तज्ज्ञाकडून तपासून घ्याव्यात. अशा तज्ज्ञाचा एक अर्ज ऑफिसात पडून आहे, रावेतच्या पत्त्यावरचा. सोबत दोन फोटो जोडले आहेत, बाभूळ दोन्हींत तीच आहे. ती प्रत्यक्ष पाहायची झाल्यास समितीनं खाली पार्किंगमध्ये यावं.

गणराजशेठनी कागदावर बोट आपटलं. "साहेब, आवो, ह्यात चार नंबर हाय! तुमच्या ओजसचा गाळा हाय ह्यात!"

"हो. आहे ना."

"पोराच्या पोटावर पाय देताय?"

हा प्रश्न त्यांनी तीन दिवस स्वतःला विचारला होता आणि त्यांना झोप लागली नव्हती. त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढलं, खिशातून कंपनीतली एक जुनी लाल चिठ्ठी काढली, आणि दोरा दोनदा गुंडाळून ती ओळखपत्राला बांधली. चिठ्ठीवर छापील रकाने होते. 'मालाचं नाव' इथं त्यांनी लिहिलं, सुरेंद्र हिंगमिरे. 'दोष' इथं लिहिलं, न बघता पास करतो. मग ओळखपत्र मिनल मॅडमच्या टेबलावर ठेवून ते जिना उतरले.

ओजसनं त्यांच्यासाठी चहा सांगून ठेवला होता. दोघं टपरीच्या बाकावर बसून प्यायले. समोर पार्किंगच्या भिंतीवरून बाभळीचा शेंडा दिसत होता, आणि ओजस बराच वेळ त्या पिशवीकडं बघत राहिला.

"झालं?" त्यानं शेवटी विचारलं.

"झालं. आवक झाली."

ओजसनं मान हलवली. त्याचे डोळे लाल होते. त्यानं रिकामा कप बाकावर ठेवला, किल्ली काढली, आणि बाइकला किक मारता मारता, बापाकडं न बघता म्हणाला, "त्या तरशिणीला पिल्लं किती?"

"दोन."

"नक्की? मोजलीत?"

"तीन वेळा मोजली," सुरेंद्रराव मागं बसत म्हणाले. "तिन्ही वेळा दोनच भरली."